भीती जात नाही, पण पाऊल उचलते

रॅपलिंगने, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याने, मुलींची भीती जाते, असे म्हटले जाते. माझ्या मते भीती जात नाही. कड्याच्या टोकावर पाठमोरे उभे राहून सगळा भार दोरावर सोपवताना गुडघे थरथरतातच, पण थरथरत्या गुडघ्यांनीही उतरता येते, हे मुलीला उमगते. १९८४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहक बचेंद्री पाल यांच्या तंबूवर रात्री हिमकडा कोसळला, डोक्याला मार लागला, काही सहकारी परतले; तरीही त्यांनी वर जायचे ठरवले आणि २३ मे रोजी शिखर गाठले. मात्र दोराची गाठ मुलीनेच बांधून तपासावी, आणि तिच्या नकाराचाही मान राखावा. बळेच ढकललेली मुलगी पुन्हा डोंगराकडे फिरकत नाही.