मदत हवी आहे: आजोबांचं .३२ रिव्हॉल्वर थंडीत मिस होतंय

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहितोय. हत्यार लायसन्सचं आहे हे आधीच सांगतो. आजोबांनी १९५८ साली घेतलं, त्याची पावती अजून लोखंडी पेटीत आहे. मग ते बाबांकडे आलं, आणि बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची जी तरतूद आहे तिच्यातून माझ्या नावावर झालं. तेव्हा 'थाण्यात जमा करून मोकळे व्हा' हा सल्ला नको. तो घरी बायको रोज देते. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांतलाही मी नाही. वर्षातून दोनदा रेंजवर जातो, एवढंच.

रिव्हॉल्वर जुनं विलायती, सहा गोळ्यांचं, मधोमध मोडून उघडतं त्यातलं. गेल्या जूनमध्ये सहाच्या सहा गोळ्या नीट सुटल्या. परवा, म्हणजे जानेवारीतल्या त्या धुक्याच्या सकाळी, त्याच डब्यातल्या सहा भरल्या. नुसता ट्रिगर ओढून चालवलं तर तीन सुटल्या, तीन वेळा नुसतं 'टक्'. तसाच ओढत राहिलो आणि सिलिंडर पुन्हा फिरून आला तेव्हा त्या तिघांतली एक सुटली. मग अंगठ्याने घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा खटका, मागे ओढून दुसरी सुटली. तिसरी काही केल्या नाही. ती बाहेर काढून पाहिली तर प्रायमरवरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी टोपी असते तिच्यावरचा, खड्डा अगदी उथळ, नखाने दाबल्यासारखा. पण बरोबर मधोमध. सुटलेल्या काडतुसांवरचे खड्डे चांगले खोल आहेत.

बाजारातला एक मिस्त्री म्हणाला, "भाईसाहब, स्प्रिंग थक गई है, नई डाल देता हूँ." लायसन्स विचारलं तर हसला. मी परत आलो.

आता प्रश्न. स्प्रिंग खरंच इतकी वर्षं टिकत नाही का? की काडतुसं दमट झाली? निवडणुकीच्या वेळी आचारसंहितेत हत्यार जमा होतं तेव्हा काडतुसं मात्र घरच्या कपाटातच असतात, आणि आमच्या कपाटाच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. एकेक काडतूस लायसन्सवर चढतं, त्यामुळे उगाच डबा फेकून नवा घेणं जिवावर येतं.

— लष्करकर

महूचा म्हातारा:
आधी कान धरतो, मग उत्तर देतो. 'टक्' झाल्यावर लगेच पुन्हा ट्रिगर ओढलात, हे फार वाईट केलंत. कधी कधी प्रायमर उशिरा पेटतो. पिस्तुलात ती गोळी निदान नळीच्या मागच्या टोकाशी असते. रिव्हॉल्वरचा ट्रिगर पुन्हा ओढला की सिलिंडर फिरतो आणि ते न सुटलेलं काडतूस बाजूला सरकतं. तिथे ते पेटलं तर गोळीसमोर नळी नसते, पोलाद असतं. यापुढे तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं आणि मगच उघडायचं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीत अडकली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढची नाही.

आता तुमच्या दुखण्याबद्दल. काडतूस खराब असेल तर खड्डा खोल पडतो आणि तरीही ते पेटत नाही. तुमचा खड्डा उथळ आहे, शिवाय दुसऱ्या ठोक्याला दोन पेटलीच. म्हणजे दारूगोळा बरा आहे, ठोका कमी पडतोय. खड्डा मधोमध आहे, म्हणजे सिलिंडर नळीसमोर नीट येऊन थांबतोय. अंगठ्याने ओढलं की घोडा जास्त मागे जातो आणि जास्त जोराने येतो, म्हणून तशी एक सुटली.

ठोका कमी पडायला कारणं तीन-चार. स्प्रिंग मऊ पडलेली किंवा ट्रिगर हलका व्हावा म्हणून कुणी घासलेली. घोड्याची चोच, म्हणजे प्रायमरवर आदळणारं टोक, झिजलेली. उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची कडी सैल, त्यामुळे ठोका बसताच सिलिंडर पुढे सरकतो आणि जोर वाया जातो. किंवा आत घाण. पण जूनमध्ये सहाच्या सहा आणि जानेवारीत अर्ध्या, हे स्प्रिंगचं लक्षण वाटत नाही मला. सहा महिन्यांत स्प्रिंग म्हातारी होत नाही.

एक सांगा. तेल कुठलं घालता?

लष्करकर:
कान धरलात ते बरं केलंत. ही गोष्ट मला कुणी कधी सांगितलीच नव्हती.

तेल... खोबरेल. आजोबा खंडेनवमीला पूजेत ठेवण्याआधी खोबरेलाचा हात फिरवायचे, बाबाही तेच करायचे, मीही करतो. हळद-कुंकू वाहतो ते वेगळंच.

महूचा म्हातारा:
देवा! अहो, खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं. आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळचा पारा किती असतो हे मी तुम्हाला काय सांगू? साठ-पासष्ट खंडेनवम्यांचं तेल आत आहे, वर हळदीची पूड. घोडा चिखलातून धावतोय. स्प्रिंगला हात लावू नका. दुरुस्तीचं लायसन्स असलेल्याच माणसाकडून बाजूची पट्टी काढून आतला भाग साफ करून घ्या. १९५९ च्या कायद्यात दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, तुम्ही त्या मिस्त्रीकडून परत आलात ते शहाणपण केलंत. स्वतः स्क्रू फिरवत बसू नका. त्या जुन्या स्क्रूंच्या खाचा एकदा गेल्या की गेल्या.

लष्करकर (फेब्रुवारी):
अपडेट. लायसन्सवाल्या दुकानात माझ्यासमोर पट्टी काढली. आत मेणासारखा पिवळट थर, कडेकडेने लालसर. चोच ज्या भोकातून पुढे येते त्या भोकाच्या काठावर कुंकवाचं अक्षरशः कडं जमलं होतं. कारागिराने लाकडी काडीने ते खरवडलं, वास घेतला आणि म्हणाला, "ये तो पूजा का माल है." स्प्रिंग मोजून पाहिली, ठीक आहे. कडीत किंचित ढिलाई आहे, पण आत्ता हात लावायची गरज नाही म्हणाला. सगळं धुऊन पुसून हत्यारांच्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब टाकले.

काल सकाळी सातला रेंजवर गेलो, बोटं बधिर करणारी थंडी. त्याच डब्यातली बारा काडतुसं, सगळी नुसत्या ट्रिगरवर. बाराच्या बारा सुटली. तो उथळ खड्ड्याचा नग वापरला नाही, दुकानात परत दिला.

आता घरात नवा वाद आहे. आई म्हणते, खंडेनवमीला तेल न लावता पूजा कशी करायची? तूर्तास रिव्हॉल्वरच्या म्यानावर, म्हणजे होल्स्टरवर, लावायचं ठरलंय, आत नाही. ती हे म्हणत होती तेव्हा तिची खोबरेलाची बाटली खिडकीत उन्हाला ठेवलेली होती.