पाटा विकेट, हलकी बोलिंग आणि ‘सरासरी खोटं बोलत नाही’

जुना ओपनर: काल एका साहेबांनी इथं ठणकावलं, “सरासरी खोटं बोलत नाही. साठच्या वर असेल तर बॅट्समन महान, विषय संपला.” बरं. ऑस्ट्रेलियाचा ॲडम व्होजेस घ्या. २० कसोटी, सरासरी ६१.८७. वेस्ट इंडिजविरुद्ध ५४२ रन, आऊट फक्त एकदा. होबार्टला नाबाद २६९. अकरा महिन्यांनी त्याच होबार्टवर दक्षिण आफ्रिका आली, तेव्हा ० आणि २. पुन्हा कसोटी खेळला नाही. आता सांगा, कुठला आकडा खरा? कुणासमोर आणि कुठं, हे लिहिलं नाही तर सरासरी म्हणजे नुसती बेरीज-भागाकार.

साहेब (कालचाच): तुम्ही सोयीचं तेवढंच उचलता. त्यातल्या पहिल्या डावात सगळं ऑस्ट्रेलिया ८५ मध्ये गारद झालं होतं. एकट्या व्होजेसला कशाला धरता? आणि पाटा विकेट, म्हणजे बॅटिंगला सोपी, दोघांनाही पाटाच असते. मुलतान, २०२४. पाकिस्ताननं ५५६ केले, इंग्लंडनं ८२३. तरी पाकिस्तान डावानं हरलं. पाटा होती ना? मग दुसऱ्या डावात काय झालं?

सात रस्ता: मुलतान सोडा बे. सोलापूरचं बोला. आमची पोरं वर्षभर काथ्याच्या मॅटवर खेळणार, आणि निवड चाचणी पुण्यात, टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या विकेटवर. ती सरासरी कोण धरणार?

जुना ओपनर: तेच तर म्हणतोय! मी स्वतः शाळेच्या मैदानावर १४० मारले होते. एका बाजूची बाउंड्री इतकी जवळ की पुल मारला की बॉल थेट पलीकडच्या अंगणात. चाचणीला पहिल्यांदा टर्फ बघितली. दुसराच बॉल बाहेर निघाला, स्लिपमध्ये कॅच. किट उचलून दुपारच्या एसटीनं परत. वडिलांनी फक्त “जेवलास का?” एवढंच विचारलं.

सात रस्ता: मॅटला कोण नाव ठेवतंय? उलट दोन मॅटच्या जोडावर बॉल पडला की सरळ छातीवर येतो, पुण्याच्या पोरांना तो खेळून दाखवा म्हणावं. तिथं दहा मिनिटं नेट बघून सोलापूरच्या पोराचं वर्ष संपवतात. माझ्या भाच्याला तर बॅटिंगच दिली नाही, बोलिंग बघितली आणि “पुढच्या वर्षी ये.” पोरगं ओपनर आहे हो!

साहेब: आला विषय भाच्यावर. इथं सरासरीची चर्चा चालू आहे.

सात रस्ता: तुमचं काय जातंय? तुमचा कुणी सकाळी पाचच्या गाडीत किट मांडीवर घेऊन बसलाय का?

साहेब: वैयक्तिक जाऊ नका. बसलाय. माझाच मुलगा.

पार्क चौक: भांडा, पण जानेवारी २०२४ ला आपल्या सोलापूरच्या पार्क मैदानावर रणजी ट्रॉफीच्या मॅचला दुबळं मणिपूर आलं होतं ते विसरू नका. तशा टीमविरुद्ध काढलेले रन आणि मुंबईविरुद्धचे रन एकाच रकान्यात जातात. २०१८-१९ मध्ये मिलिंद कुमारनं सिक्कीमकडून, रणजीतल्या नव्या टीमच्या प्लेट गटात, १३३१ काढले. भारताच्या टीममध्ये आला? नाही.

साहेब: म्हणजे निवड समितीला तुमच्याआधीच कळतं. मग ओरड कसली?
आणि मुंबईचे विजय मर्चंट? रणजीत सरासरी ९८.७५. तीही फुगवलेलीच म्हणाल. पण १९४६ ला इंग्लंडच्या ओल्या विकेटांवर २३८५ रन, सरासरी ७४.५३. ते कुठं बसवता?

जुना ओपनर: मर्चंटला कोण हात लावतंय! उलट तुम्हीच माझं म्हणणं मांडलंत. रणजीतला ९८ नाही, इंग्लंडमधला ७४ मोठा. जिथं रन काढणं अवघड, तिथंही काढले. बरं, मुलतानची गोष्ट मानली. पाटावरसुद्धा बसून राहायला दम लागतो, मान्य. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ काढले, समोरची टीम सामना सोडून गेली. ४४३ काढायला अंगात काहीतरी लागतंच. तरी एकही कसोटी नाही मिळाली माणसाला.

सात रस्ता: बघा, ते पुण्यात काढले तरी! सोलापूरला काढले असते तर स्कोअरबुकसुद्धा हरवलं असतं.

साहेब: आता यावर काय बोलावं. रविवारी मुलाची मॅच आहे, मॅटवरच. या बघायला. बाउंड्री स्वतः मोजा.

जुना ओपनर: येतो. टेप घेऊन येतो.