मदत हवी आहे: लॉगमधला खरा हल्ला ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजचा एक लहानसा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींची नोंद) उघडला की पोर्ट २२ वर, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या एसएसएचच्या दारावर, रात्रभर ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी लॉगिनचे फसलेले प्रयत्न दिसतात. आमच्याकडे वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) नाही, तरी त्याचं लॉगिन पान रोज कोणीतरी मागतंच आणि ४०४ (‘पान सापडलं नाही’) घेऊन परत जातं. हे सगळीकडे फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम), एवढं कळतं. एसएसएचवर पासवर्डने लॉगिन बंदच केलंय, फक्त की (किल्लीसारखी वापरायची गुप्त फाइल) चालते.

खरी अडचण निकालाच्या दिवशी आली. एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) मिनिटाला शेकडो रिक्वेस्ट दिसल्या आणि मी घाबरून तो आयपी ब्लॉक केला. थोड्याच वेळात मुलांचे फोन सुरू झाले, “सर, साइट उघडत नाहीये.” मोबाइल कंपन्या सीजीनॅटमुळे कितीतरी ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देतात, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. जीव टांगणीला लागलेल्या मुलांना मीच बाहेर ठेवलं, याचं फार वाईट वाटतं.

आता उलटीच भीती वाटते. वेबसाइटच्या स्टाफ लॉगिनवर कोणी वेगवेगळ्या आयपींवरून तासाला दोनच प्रयत्न केले, पण आमच्या कर्मचाऱ्यांची खरी नावं वापरून, तर ते या गर्दीत मला दिसेल का? तुम्ही नेमकं काय बघता? बऱ्याच अपयशांनंतर अचानक आलेलं एक यश, की बाहेर जाणारा डेटा? आणि आयपीऐवजी सेशनवर (एकेका ब्राउझरच्या भेटीवर) रिक्वेस्टची मर्यादा घातली तर निकालाला निभावेल का? कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा, पुढचा निकाल जवळ आलाय.