मदत हवी आहे: बदल फोनवर, डेबिट नोट मात्र कागदावर. जुन्या पार्टीकडून लेखी कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. कास्टिंग (ओतीव भाग) पार्टी म्हणजे ग्राहक कंपनी देते, आम्ही ड्रॉइंगप्रमाणे मशीनिंग करून परत पाठवतो.

अडचण एका जुन्या पार्टीची आहे, नाव घेत नाही. जॉब बेअरिंग हाउसिंगचा. ६२०६ बेअरिंग बसतं, त्याचा बाहेरचा व्यास ६२ मिमी, म्हणजे बोअर (ते बसायचं भोक) ६२ मिमी. ड्रॉइंगवर फिट एन७ (घट्ट बसणारं), म्हणजे मिमीमध्ये बोअर ६१.९६१ ते ६१.९९१ च्या आत हवा. लॉट लावायच्या आधी त्यांच्या असेंब्लीतून थेट आमच्या सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) मोबाइलवर फोन आला, "बेअरिंग फार घट्ट बसतंय, बोअर एच७ करा." एच७ म्हणजे थोडं सैल, ६२.००० ते ६२.०३०. सेटरने लगेच मला सांगितलं, मी त्यांच्या परचेसला फोन लावला, तिथूनही "हो, करा" आलं. माल गेला. त्यांच्या इनवर्ड इन्स्पेक्शनने (आलेला माल तपासणाऱ्यांनी) ड्रॉइंगवर बोट ठेवलं आणि अख्खा लॉट रिजेक्ट केला. बोअर लहान असता तर पुन्हा मारून दिला असता, मोठा झालेला बोअर सरळ भंगारात जातो. डेबिट नोटमध्ये, म्हणजे आमच्या नावावर नुकसान टाकणाऱ्या कागदात, कास्टिंगची किंमतसुद्धा लावली आहे. फोन करणारे साहेब तोंडी सगळं कबूल करतात, मेलवर दोन ओळी लिहायला मात्र तयार नाहीत.

माणसं वाईट नाहीत. त्यांच्या असेंब्लीचं डिझाइनशी बोलणं नाही, परचेसचं इन्स्पेक्शनशी नाही, आणि त्याचा भुर्दंड आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याला बसतो. पगार तर वेळेवर द्यायचाच आहे.

यापुढे प्रत्येक बदल लेखी घ्यायचा असं ठरवलंय. तसं बोललो तर साहेब म्हणाले, "एवढ्या वर्षांत आमच्यावर विश्वास नाही का?" निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं, त्यामुळे तोडून बोलता येत नाही. तुम्ही काय शब्द वापरता? उत्तर आलं नाही तर मशीन थांबवता का? आणि या डेबिट नोटचं काय करू? लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे.

प्रतिसाद, भोसरीहून:
दादा, लेखी मागूच नका, तुम्हीच लिहून पाठवा. फोन ठेवल्या ठेवल्या परचेसला मेल, डिझाइन आणि क्वालिटीला प्रत: "आपल्या फोनप्रमाणे बोअर ६२ एन७ ऐवजी ६२ एच७ करत आहोत. पहिल्या नगाचा रिपोर्ट पाठवतो, तो मंजूर झाला की लॉट लावू." विश्वासाचा विषय निघाला तर आयएसओ ऑडिटचं सांगा. ते खरंही आहे: आयएसओ ९००१ मध्ये तोंडी आलेली मागणी स्वीकारण्याआधी तिची खात्री करून घ्यावी लागते आणि बदल झाला तर कागद सुधारावे लागतात. त्यांच्याकडेही ऑडिटर येतो, कुणी रागावत नाही. आणि हो, मंजुरीशिवाय आम्ही लॉट लावत नाही. मशीनवर दुसरा जॉब चढवतो. सुरुवातीला जड जातं, पण यात माघार घेऊ नका.

प्रतिसाद, करसल्लागार:
आधी चलनावरची पोचीची तारीख बघा. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. पैसे देण्याची मुदत करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. डेबिट नोट मान्य नसल्याचं मेलने आजच कळवा, फोनचा दिवस, वेळ आणि कोण काय बोललं हे त्यातच लिहा. गप्प राहिलात तर मान्य आहे असाच अर्थ काढतील. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जायचं की नाही ते नंतर बघू.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. चलन काढून बघितलं, पोचीवर त्यांचा शिक्का आणि तारीख आहे, रिजेक्शनचा मेल १५ दिवसांनंतरचा. उत्तर आजच पाठवतो. भोसरीकर दादा, पहिल्या नगाच्या रिपोर्टचा तुमचा नमुना इथे टाकाल का? सहीसाठी डिझाइनचा रकाना वेगळा ठेवता की क्वालिटीचा एकच पुरतो?