शोरोमध्ये जॅझ मिसळलं की उरतं काय?

सूरपेटी:
ब्राझीलच्या शोरोत जॅझ मिसळलेले अल्बम ऐकले की बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते. शोरो म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओत घडलेलं वाद्यसंगीत. बासरी, मँडोलिन, काव्हाकिन्यो हे चार तारांचं छोटं तंतुवाद्य, सात तारांची गिटार आणि डफासारखा पांदेइरो. रचना सहसा तीन भागांची, पहिला भाग फिरून फिरून येतो. वर बासरी धून वाजवत असते तेव्हा खाली सात तारांची गिटार खर्जात स्वतःची वेगळीच धून गुंफत असते, तीही बरेचदा आयत्या वेळी सुचलेली. सगळी मजा तिथे आहे. जॅझवाले काय करतात? पहिला भाग एकदा वाजवायचा, मग त्याच कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर) पाळीपाळीने सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, शेवटी परत धून. बाकीचे भाग गायब आणि गिटारचा खर्ज डबल बासने गिळलेला. याला मिश्रण कसं म्हणायचं?

निवांत_पुणेकर:
असहमत. सोवळं शोरो होतं कधी? पोल्का हा नाचाचा प्रकार युरोपातून आला, त्याला आफ्रिकी ठेका मिळाला. शोरोचे दिग्गज वादक-संगीतकार पिशिंगीन्या 1922 मध्ये पॅरिसला वाजवून आले आणि पुढे त्यांच्या हातात सॅक्सोफोनही आला. त्यांच्या 'कारिन्योसो'ला तीनऐवजी दोनच भाग. 1928 मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा अमेरिकन जॅझची छाप आहे म्हणून टीका झाली. आज तीच ब्राझीलच्या सर्वांत लाडक्या धुनांपैकी एक! तुमचा आक्षेप शंभर वर्षं जुना आहे.

सूरपेटी:
पिशिंगीन्या तर माझेच साक्षीदार. 1940 च्या दशकातल्या बेनेदितो लासेर्दांबरोबरच्या ध्वनिमुद्रिका ऐका. धून लासेर्दांच्या बासरीकडे. पिशिंगीन्यांचा टेनर सॅक्सोफोन खालून प्रतिधून वाजवतो, बासरीने श्वास घेतला की त्या फटीत शिरतो आणि ती परत आली की बाजूला होतो. वाद्य जॅझवाल्यांचं, काम सात तारांच्या गिटारचं. असं मिसळा की, मी कुठे नाही म्हणतेय?

ट्रम्पेटवाली:
मग सेव्हेरिनो आराउजोंचा ताबाजारा ऑर्केस्ट्रा कुठे बसवणार? स्विंग बँडसारखा थाट, ब्रास आणि सॅक्सोफोनची फळी, आणि वाजवतात शोरो. त्याच बँडमधले वादक-संगीतकार कशिंबिन्यो यांच्या रचनांमध्ये जॅझची हार्मनी उघड ऐकू येते, तरी त्या शोरोच्या बैठकीत हक्काने वाजतात. मँडोलिनवादक हॅमिल्टन दे होलांदांनी तर मँडोलिनला तारांची एक जोडी वाढवून ती दहा तारांची केली. धून, कॉर्ड आणि खर्ज एकाच हातात. लांबलचक सोलो घेतात, पण खालची वीण उसवत नाही. वाईट अल्बम वाईटच, त्याचं खापर जॅझवर कशाला?

मांडवीकाठ:
+१ ट्रम्पेटवाली. अवांतर: आमच्या गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईत जॅझ वाजवत आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही काम करत. माणूस दोन्हीकडे मुरलेला असला की जमतं.

निवांत_पुणेकर:
मुरलेला हवा हे मान्य, पण सोलोला एवढी भीती का? शोरोवालेही धून दर फेरीला थोडी बदलूनच वाजवतात.

सूरपेटी:
थोडी! मूळ धून ओळखू येईल इतपत. बदल आणि बदली यात फरक आहे. ताबाजाराचा मुद्दा मान्य, पण तिथे सगळं लिहून बांधलेलं होतं, त्यामुळे भाग शाबूत राहिले. माझी तक्रार 'सहज जमू या आणि जॅम करू या' छापाच्या प्रकाराबद्दल आहे.

ट्रम्पेटवाली:
शोरोचे मँडोलिनवादक जाकोब दो बांदोलिम परंपरेचे किती कट्टर, तरी 1964 मध्ये त्यांनी संगीतकार रादामेस न्यातालींची मँडोलिन आणि तंतुवाद्यवृंदासाठीची रचना ध्वनिमुद्रित केलीच. आणि न्यातालींवर आयुष्यभर काय आरोप होता? संगीताला अमेरिकन वळण देतात हाच. आता जाकोबनाही धाग्याबाहेर काढणार का?