नोकरीतलं लिहिणं कुठं शिकलात? अनुभव सांगा

उद्यमबागकर: आज आमच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, नव्या ट्रेनी पोराचा रिजेक्शन रिपोर्ट (खराब निघालेल्या मालाचा) हातात आला. पानभर कास्टिंग म्हणजे काय नि त्याचे प्रकार, आणि ब्लोहोल (गॅसमुळं पडलेली भोकं) कुठल्या हीटमध्ये, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या कुठल्या घाण्यात, किती पीसला आले ते पार शेवटच्या ओळीत. पोरगं हुशार आहे हो, चार वर्षं मार्कांसाठी असंच लिहिलंय त्यानं. आमचे जुने साहेब आठवले, रिपोर्ट वाचून विचारायचे, "मग मोल्डिंग (साचे बनवणं) थांबवू की चालू ठेवू?" कॉलेजात तपासणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतंय, इथं वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नसतंय आणि लगेच ठरवायचं असतंय. पोरांना हे आधीच कसं शिकवायचं? लिहा.

निपाणीचा: कस्टमरच्या तक्रारीवर द्यायच्या 8D (एट-डी) रिपोर्टमध्ये रूट कॉज, म्हणजे मूळ कारण काय, तर "ऑपरेटरचा निष्काळजीपणा". झालं, संपलं! चारदा का का विचारलं तर कळतंय साच्याच्या वाळूत मॉइश्चर जास्त होतं नि सँड टेस्टिंगचं रजिस्टरच कुणी भरलं नव्हतं. त्या बिचाऱ्या ऑपरेटरचं नाव मात्र कस्टमरपर्यंत जातं. राग येतो मला.

खानापूरची: मी शिकवते. व्हीटीयूच्या (बेळगावच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या) 2022 च्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमात, प्रोफेशनल रायटिंग स्किल्स विषय होता, बरं झालं, पण मी लॅबमध्येपण करून घेते. एका बॅचनं प्रोसिजर लिहायची, दुसरीनं काही न विचारता फक्त ती वाचून काम करायचं. "बोल्ट नीट आवळा" लिहिलं की पोरं अडतात, किती? कशानं? पुढच्या वेळी टॉर्क (आवळायचा जोर) युनिटसकट येतो. कुकर झाला, नंतर लिहिते.

चिकोडी रोड: युनिटवरून आठवलं, 1999 ला नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर असंच गेलं, एकाचे आकडे पाउंडात नि दुसऱ्यानं न्यूटन धरले. मंगळापर्यंत जाऊन हरवलं बघा.

मराठी मिडियम: इंग्लिशचं टेन्शन वेगळंच की. शाळा मराठी, ऑपरेटर कन्नड बोलणारा, मेल इंग्लिशमध्ये. एका सिनियर ताईंनी सांगितलं, आधी मराठीत तोंडानं बोल, काय झालं, कशामुळं, आता काय पाहिजे, आणि तेवढंच इंग्लिशमध्ये टाईप कर. अजून तसंच करतो, आणि माझ्या मेलला लगेच उत्तर येतंय.

उद्यमबागकर: हे भारी आहे. उद्या पोराला शेजारी बसवून असंच बोलायला लावतो.

निपाणीचा: खानापूरच्या मॅडम, भाचा मेकॅनिकल करूलाय, तुमच्या त्या लॅबच्या प्रयोगाचा कागद मिळेल का?

खानापूरची: देते की, रात्री टाकते. सगळे कॉम्प्युटरला पळताना मेकॅनिकल घेतलं, शाब्बास म्हणा त्याला.