प्रति: डीयू आणि डीएफ एकत्र करावेत का?
लिनक्स-युनिक्सवर डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीयू (du) आणि डीएफ (df) या दोन्हींऐवजी सहज कळेल अशा नावाची एकच कमांड हवी, हे वरचं मत नावाबाबत पटतं, एकत्रीकरणाबाबत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमलाच (डिस्कवरच्या फाइलींचा हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेला) विचारतं की किती ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे तुकडे, रिकामे आहेत. डीयू एकेक डिरेक्टरी (फोल्डर) फिरून त्यातल्या फाइलींनी घेतलेल्या जागेची बेरीज करतं. हे आकडे जुळत नाहीत तेव्हाच खरी गोष्ट कळते.

आमच्याकडे लॉगची भली मोठी फाइल आरएमने (rm, फाइल पुसायची कमांड) उडवली, तरी डीएफ १०० टक्क्यांवरच, आणि डीयूत तिचा मागमूस नाही. एका प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडी धरली होती, म्हणून नाव गेलं तरी ब्लॉक सुटले नव्हते. नाव पुसलं तरी उघड्या असलेल्या फाइली दाखवणारी 'एलएसओएफ +एल१' (lsof +L1) ही कमांड दिल्यावर ती सापडली. ती फाइल धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट करताच जागा मोकळी झाली. नवं टूल लिहिणाऱ्यांनी ही तफावत झाकू नये, वेगळ्या ओळीत ठळक दाखवावी.